दवाखाना, प्रयोगशाळा आणि शेजारची खुर्ची

१९७०च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांनी प्रथम वर्षात प्रवेश घेतला. आदल्या वर्षी हा आकडा २० हजारांच्या आसपास होता. नव्याने आलेल्यांपैकी असंख्य घरांत कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी होती. विद्यापीठाने त्यांच्यासाठी जादा वर्ग काढले, समुपदेशक नेमले, लेखनात मदत करण्यासाठी माणसे बसवली. आणि थोड्याच दिवसांत शिक्षकांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज होती, तेच विद्यार्थी मदत घ्यायला येत नव्हते.

दार उघडे होते, दिवा लागलेला होता, खुर्ची मात्र रिकामी होती.

आज अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत ‘रायटिंग सेंटर’ नावाची एक जागा असते. विद्यार्थ्याने आपला निबंध, प्रयोगाचा अहवाल किंवा प्रबंधाचे एखादे प्रकरण घेऊन तेथे जायचे, प्रशिक्षित ट्यूटरशेजारी बसायचे आणि अर्धा-पाऊण तास त्या लेखनावर बोलायचे. शुल्क नाही, गुण नाहीत. पुण्याहून वा नागपूरहून उच्च शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्याच आठवड्यात त्याची माहिती मिळते. आणि बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की ही सोय कच्च्या विद्यार्थ्यांसाठी असणार, आपल्यासाठी नव्हे. हा समज कोठून आला, त्याने किती नुकसान केले आणि तो मोडण्यासाठी कोणी काय केले, याचा इतिहास जवळपास दीडशे वर्षांचा आहे. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

सुरुवात हार्वर्डपासून करावी लागते. १८६९मध्ये चार्ल्स विल्यम एलियट हा ३५ वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ हार्वर्डचा अध्यक्ष झाला. तोवरचे अमेरिकी उच्च शिक्षण बव्हंशी तोंडी होते. लॅटिन आणि ग्रीक पाठ म्हणून दाखवायचे, वक्तृत्व गाजवायचे, वादविवाद करायचे. एलियटच्या काळात विद्यापीठाचे रूप पालटले, विषय वाढले, विद्यार्थी वाढले, आणि परीक्षा कागदावर उतरली. १८७४च्या प्रवेशपरीक्षेत उमेदवारांना शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांच्या नेमलेल्या कृतींवर छोटा इंग्रजी निबंध लिहायला सांगण्यात आले. निम्म्याहून अधिक मुले नापास झाली.

हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ही मुले स्थलांतरितांची नव्हती, गरिबांची नव्हती. अमेरिकेतील सर्वांत महागड्या शाळांतून आलेली, घरी इंग्रजीच बोलणारी, सुखवस्तू कुटुंबांतील ती मुले होती. ‘हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही’ ही तक्रार प्रथम त्यांच्याविषयी झाली. पुढे शंभर वर्षे ती ज्यांच्याविषयी होत राहिली, ते लोक त्या वेळी हार्वर्डच्या फाटकाच्या आतही नव्हते.

१८९२मध्ये हार्वर्डच्या नियामक मंडळातील तिघांच्या समितीने या प्रश्नावर अहवाल दिला. समितीत अध्यापनाचा व्यवसाय करणारे कोणीच नव्हते. एक सदस्य रेल्वे कंपनीचा माजी अध्यक्ष होता, दुसरा नामांकित संपादक. त्यांनी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील पाने, त्यांतील चुकांसह, जशीच्या तशी छापली आणि निष्कर्ष काढला की दोष शाळांचा आहे, हे काम विद्यापीठाचे नव्हेच. लेखन शिकवणे म्हणजे खालच्या इयत्तेत राहून गेलेली डागडुजी, ही कल्पना येथे पक्की रुजली. डागडुजीच्या खोलीत स्वखुशीने कोण जाईल?

पण त्याच काळात वर्गात प्रत्यक्ष उभे राहणाऱ्यांचा अनुभव निराळा होता. मिशिगन विद्यापीठातील फ्रेड न्यूटन स्कॉट या प्राध्यापकाने १८९४मध्ये ‘द डायल’ या नियतकालिकात आपला हिशेब मांडला. २१६ विद्यार्थी आणि त्या वर्षात वाचलेले, पुन्हा वाचलेले ३ हजारांहून अधिक निबंध. एवढ्या ढिगाऱ्यात लेखन शिकवणे म्हणजे काय, हे ज्याने परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पाहिले आहेत त्याला सांगायला नको. स्कॉटचे म्हणणे असे होते की शिक्षकाने त्या एकेका विद्यार्थ्यापर्यंत व्यक्ती म्हणून पोहोचणे अपरिहार्य आहे, आणि नेमके तेच या संख्येत अशक्य होऊन बसले आहे.

उपाय सुचला तो विज्ञानाकडे पाहून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळेचे मोठे आकर्षण होते. रसायनशास्त्र शिकायचे तर विद्यार्थी स्वतः हाताने प्रयोग करतो आणि शिक्षक टेबलांमधून फिरत राहतो. मग लेखनाची प्रयोगशाळा का नसावी? ॲमहर्स्ट कॉलेजमधील जॉन फ्रँकलिन जेनंग यांच्यासारखे शिक्षक १८९०च्या दशकातच हा शब्द वापरू लागले होते. कल्पना साधी होती. विद्यार्थी तेथेच बसून लिहील, शिक्षक शेजारी असेल, आणि वाक्य अडखळेल त्या क्षणीच त्यावर बोलणे होईल. घरी लिहून आणलेल्या निबंधावर आठवड्याने लाल शाई मिळते, तेव्हा ते वाक्य लिहिताना मनात काय होते, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नसते.

१९३०च्या दशकात आयोवा आणि मिनेसोटा या विद्यापीठांत अशा लेखन-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. आयोवात कॅरी एलन स्टॅन्ली या प्राध्यापिकेने ते काम वर्षानुवर्षे नेटाने चालवले. परंतु प्रयोगशाळेच्या जोडीने दुसरा एक शब्दही प्रचारात आला, आणि तो अधिक चिकट निघाला. तो शब्द ‘क्लिनिक’.

डार्टमथ कॉलेजने १९३९मध्ये ‘रायटिंग क्लिनिक’ उघडले. ज्या प्राध्यापकाला एखाद्याचे लेखन सदोष वाटेल त्याने त्या विद्यार्थ्याला तेथे पाठवायचे, अशी पद्धत होती. म्हणजे दवाखानाच. विद्यार्थी रोगी, चुका म्हणजे लक्षणे, आणि प्राध्यापकाची चिठ्ठी हातात घेऊन आत जायचे. त्या दाराबाहेर मित्राने पाहिले तर काय वाटेल, याची कल्पना करणे अवघड नाही. १९६०च्या सुमारास ते क्लिनिक बंद पडले. तेथील शिक्षकांच्या निष्ठेत खोट होती असे म्हणता येणार नाही. पण संस्थेचे नावच तेथे जाणाऱ्याला आजारी ठरवत असेल, तर निरोगी माणूस त्या बाजूला फिरकत नाही, आणि आजारी माणूस आपण निरोगी असल्याचा बहाणा करतो.

आता पुन्हा न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, हे सर्वांना ठाऊक आहे. तेथून उत्तरेकडे वीसेक रस्ते ओलांडले की हार्लेममधील टेकडीवर गॉथिक शैलीच्या दगडी इमारती दिसतात. ते सिटी कॉलेज. १८४७मध्ये शहरातील मतदारांनी कौल देऊन ही संस्था स्थापन केली. कारागिरांच्या, मजुरांच्या मुलांना विनाशुल्क उच्च शिक्षण मिळावे हा तिचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील मुलांनी येथे शिकून नाव काढले. ‘गरिबांचे हार्वर्ड’ असे तिला म्हणत.

१९६०च्या दशकापर्यंत एक विसंगती ठळक झाली. प्रवेशासाठी लागणारी टक्केवारी चढत गेली होती. कॉलेज हार्लेममध्ये, सभोवतालची वस्ती कृष्णवर्णीय, आणि वर्गात बसलेले विद्यार्थी बहुतांश गोरे. आजूबाजूच्या शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी १९६०च्या दशकाच्या मध्यावर ‘सीक’ नावाचा विशेष प्रवेश कार्यक्रम सुरू झाला, पण त्याचा आवाका मर्यादित होता. त्या कार्यक्रमात शिकवणाऱ्यांची नावे आज वाचली तर थक्क व्हायला होते. एड्रिअन रिच, ऑड्रे लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बम्बारा. अमेरिकी साहित्यातील इतक्या मोठ्या लेखिका एकाच वेळी प्रथम वर्षाच्या मुलांना वाक्यरचना शिकवत आहेत, असे दृश्य फारसे कोठे दिसले नसेल.

२२ एप्रिल १९६९ रोजी सुमारे दोनशे कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा दक्षिण परिसर ताब्यात घेतला, फाटके बंद केली आणि त्याला ‘हार्लेम विद्यापीठ’ असे नाव दिले. शहरातील शाळांतून जी मुले उत्तीर्ण होतात त्यांचे प्रतिबिंब कॉलेजात दिसले पाहिजे, ही त्यांच्या मागण्यांतील कळीची मागणी होती. दोन आठवडे हा पेच चालला. अध्यक्षांनी राजीनामा दिला. विद्यापीठाने १९७५पासून करायचे ठरवलेले धोरण पाच वर्षे अलीकडे ओढले. शहरातील कोणत्याही माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झालेल्याला विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळेल, आणि तीही विनाशुल्क, असे ते धोरण होते. ‘खुला प्रवेश’ म्हणून ते ओळखले जाते.

त्यावर काय गदारोळ झाला असेल हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगायची गरज नाही. गुणवत्ता बुडाली, दर्जा गेला, पदवीला किंमत उरली नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी १९७०मध्ये जाहीर भाषणांतून या धोरणावर टीका केली. शब्द बदलले तरी सूर ओळखीचा.

प्रवेश मिळणे आणि टिकणे यांत मात्र अंतर असते, आणि ते अंतर बहुतेकदा कागदावर मोजले जाते. मीना शॉनेसी ही प्राध्यापिका त्या अंतराच्या मधोमध उभी होती. १९२४मध्ये दक्षिण डकोटातील लीड या, सोन्याच्या खाणीभोवती वसलेल्या गावात तिचा जन्म झाला. न्यूयॉर्कला ती अभिनेत्री व्हायला आली होती. १९६७मध्ये ती सिटी कॉलेजच्या ‘सीक’ कार्यक्रमात रुजू झाली आणि पुढे तेथील लेखन-कार्यक्रमाची प्रमुख झाली. त्या वर्गांना ‘रिमेडियल’, म्हणजे उपचाराचे वर्ग, म्हणण्याची रीत होती. तिने तो शब्द बाजूला ठेवून ‘बेसिक रायटिंग’, म्हणजे प्रारंभिक लेखन, असा शब्द रूढ केला. रोगी आणि नवशिका यांत जो फरक आहे, तो त्या नामांतरात आहे.

१९७० ते १९७४ या काळात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४ हजार निबंध तिने अभ्यासले. इतर परीक्षक चुका मोजत होते, ती चुकांमागचे नियम शोधत होती. मराठीतले उदाहरण घेतले तर तिचा मुद्दा लगेच कळतो. लहान मूल ‘मी धरलं’, ‘मी भरलं’ ऐकते आणि बिनदिक्कत म्हणते, ‘मी करलं’. ते चुकते, पण त्याची चूक अडाणीपणाची नसते. त्याने एक नियम शोधून काढलेला असतो आणि तो इमानेइतबारे लावलेला असतो. भाषेनेच ‘केलं’ म्हणून त्याला दगा दिलेला असतो. शॉनेसीला त्या निबंधांत पदोपदी असेच नियम दिसले. क्रियापदाला शेवटी ‘एस’ लावला नाही म्हणून वारंवार टोचणी बसलेला विद्यार्थी नको तेथेही तो लावू लागतो, हे तिला निष्काळजीपणाचे नव्हे, अति काळजीचे लक्षण वाटले.

तिने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि या इतिहासाचा कणा तोच आहे. अशा विद्यार्थ्याला प्रत्येक शब्द म्हणजे पकडले जाण्याची नवी संधी वाटते. म्हणून तो कमी लिहितो. कमी लिहितो म्हणून सराव होत नाही. सराव नाही म्हणून भीती जात नाही. तिचे ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक १९७७मध्ये आले आणि अध्यापनशास्त्रातील मैलाचा दगड ठरले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५४व्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले.

पण भ्यालेला विद्यार्थी दारापर्यंत येणार कसा? या प्रश्नाचे उत्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडले. ब्रुकलिन कॉलेजात प्रथम वर्षाच्या इंग्रजीची जबाबदारी केनेथ ब्रफी या प्राध्यापकावर आली होती. वरिष्ठ शिक्षकांनी आणि व्यावसायिक समुपदेशकांनी देऊ केलेली मदत विद्यार्थी टाळतात, हे त्याने पाहिले. त्याचे निदान असे होते: ती मदत म्हणजे वर्गाचीच पुनरावृत्ती आहे. तेच टेबल, तोच वरचा आणि खालचा, तीच परीक्षेची नजर. ज्या वातावरणात विद्यार्थी बुजला, त्याच वातावरणाचा आणखी एक तास त्याला औषध म्हणून दिला जात होता.

मग मदत समोरून देण्याऐवजी शेजारून दिली तर? ब्रफीने १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात विद्यार्थ्यांनाच ट्यूटर म्हणून बसवले. त्यांना निवडून, लेखनाचा एक पूर्ण अभ्यासक्रम करायला लावून, एकमेकांच्या लेखनावर बोलण्याचा सराव देऊन मग त्या खुर्चीवर बसवले जाई. त्यांच्या हातात गुण देण्याचा अधिकार नव्हता, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी पात्रता होती.

ही कल्पना त्याने हवेतून काढली नव्हती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एम. एल. जे. ॲबरक्रॉम्बी या संशोधिकेने वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेले काम १९६०मध्ये पुस्तकरूपाने आले होते. भावी डॉक्टर एकेकटे निदान करण्यापेक्षा गटात बसून, वाद घालून, एकमेकांचे गृहीतक तपासून निदान करू लागले तर त्यांची निर्णयशक्ती लवकर तयार होते, असे तिला आढळले होते. ब्रफीने त्यातून सूत्र घेतले: विचार करणे म्हणजे मनात चाललेले संभाषण, आणि लेखन म्हणजे ते संभाषण पुन्हा बाहेर आणून कागदावर मांडणे. ज्याच्याशी कोणी विषयावर गांभीर्याने बोललेच नाही, त्याने एकट्याने बसून उत्तम निबंध लिहावा ही अपेक्षाच विचित्र आहे. (नशीब पाहा. दवाखान्याच्या उपमेने ज्या क्षेत्राचे इतके नुकसान केले, त्याला वाट सापडली ती वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याच अभ्यासातून.)

या पद्धतीत आणखी एक गोष्ट अनपेक्षितपणे पुढे आली. मदत घेणाऱ्याचे लेखन सुधारलेच, पण मदत करणाऱ्याचेही सुधारले.

ते टेबल प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे, कारण ते न पाहिल्यामुळेच अनेक जण तेथे जात नाहीत. पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहते. बहुधा निबंध मोठ्याने वाचायला सांगतात. डोळा स्वतःची चूक सहज ओलांडून जातो, जीभ मात्र अडखळते. वाक्य संपता संपत नाही, ‘त्यामुळे’ कशामुळे ते कळत नाही, दुसऱ्या पानावरचा परिच्छेद खरे तर पहिल्या पानावर हवा होता, हे वाचणाऱ्यालाच ऐकू येते. ट्यूटर विचारतो, ‘इथे तुला नेमकं काय म्हणायचं होतं?’ विद्यार्थी दोन वाक्यांत सांगतो. बहुतेक वेळा ती दोन वाक्ये निबंधातल्या अख्ख्या परिच्छेदाहून स्वच्छ असतात. मग ट्यूटर म्हणतो, ‘हेच लिही.’

१९७५मध्ये न्यूयॉर्क महानगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. १९७६च्या जूनमध्ये पगाराला पैसे नाहीत म्हणून विद्यापीठ दोन आठवडे बंद राहिले. त्याच वर्षी, १८४७पासून चालत आलेली विनाशुल्क शिक्षणाची परंपरा संपली आणि फी सुरू झाली. असंख्य तरुण शिक्षकांची नोकरी गेली. खुल्या प्रवेशाने आत आलेल्यांना फीच्या दाराने बाहेर काढले, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे सहज खोडून काढण्यासारखे नाही. योगायोग असा की देशभर ‘मुलांना लिहिता येत नाही’ ही शतकभराची जुनी आरोळी १९७५च्या डिसेंबरात ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावरून पुन्हा उठली होती. त्या आरोळीने निदान एक भले केले. ठिकठिकाणच्या विद्यापीठांनी लेखनकेंद्रे उघडली.

इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात १९७६मध्ये म्युरिएल हॅरिस यांनी उघडलेली रायटिंग लॅब ही त्यांतलीच. पुढच्याच वर्षी त्यांनी देशभरच्या अशा एकांड्या शिलेदारांसाठी एक वार्तापत्र सुरू केले. १९९०च्या दशकात याच केंद्राने आपली माहितीपत्रके इंटरनेटवर चढवली. ‘पर्ड्यू आऊल’ या नावाने ती आज जगभर वापरली जातात. शोधनिबंधाच्या तळाशी संदर्भ कसे द्यायचे हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्यातील विद्यार्थीही ते पान उघडतात, पण ते मुळात एका टेबलाचे आणि दोन खुर्च्यांचे जालीय रूप आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

केंद्रे उघडली तरी जुना समज हटला नव्हता. १९८४मध्ये स्टीफन नॉर्थ या प्राध्यापकाने ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा रोख विद्यार्थ्यांवर नव्हता, आपल्याच सहकारी प्राध्यापकांवर होता. लेखनकेंद्र म्हणजे बिघडलेले व्याकरण दुरुस्त करण्याचे गॅरेज आहे असे समजून ते विद्यार्थ्यांना तिकडे पिटाळत होते. नॉर्थचे म्हणणे होते की केंद्राचे काम निबंध सुधारणे नाही, निबंध लिहिणारा माणूस घडवणे आहे. तो लेख चिडून लिहिलेला आहे, आणि कदाचित म्हणूनच तो अजून वाचला जातो.

तथापि या तत्त्वाचाही अतिरेक झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ‘आम्ही व्याकरण तपासत नाही, फक्त प्रश्न विचारतो’ ही भूमिका अनेक केंद्रांनी सोवळ्यासारखी पाळली. त्याचा फटका बसला तो परदेशी विद्यार्थ्यांना. वायोमिंग विद्यापीठातील ज्युडिथ पॉवर्स यांनी १९९३मध्ये ही अडचण स्पष्ट मांडली. मोठ्याने वाच म्हणजे चूक ऐकू येईल, हा सल्ला ज्याचा कान त्या भाषेत घडला आहे त्यालाच लागू पडतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाचा कान ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्यासाठी घडलेलाच नसतो, कारण मराठीत ती गोष्टच नाही. त्याला नुसते प्रश्न विचारून उपयोग काय? पॉवर्स यांचे मत असे की अशा विद्यार्थ्याला सरळ माहिती द्यावी, येथील वाचक काय अपेक्षितो हे उलगडून सांगावे. तेव्हापासून पुष्कळ केंद्रांनी आपली रीत सैल केली आहे. तेथे जाऊन ‘मला आर्टिकल्स समजावून सांगा’ असे थेट म्हणणे, ही आगळीक मानली जात नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट १९९९मध्ये आणखी एका वळणावर आली. महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या राजवटीत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयांतील रिमेडियल वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. खुल्या प्रवेशाचा प्रयोग फसला, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले.

काही वर्षांनी पॉल अटवेल आणि डेव्हिड लॅविन या समाजशास्त्रज्ञांनी १९७०च्या सुरुवातीला त्या धोरणाखाली दाखल झालेल्या स्त्रियांचा सुमारे तीन दशकांनंतर मागोवा घेतला. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात आढळते ते असे: त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणींनी अखेरीस कोणती ना कोणती पदवी मिळवली होती. कोणी नोकरी सांभाळून, कोणी मुले मोठी करून, मधली कित्येक वर्षे खंड पडल्यावर परत येऊन. चार-पाच वर्षांत मोजदाद करून ज्यांना गळती म्हणून नोंदवले होते, त्यांतल्या अनेक जणी वाटेतच होत्या.

रिमेडियल वर्ग ठरावाने बंद करता आले, कारण ते वर्ग होते. त्यांना हजेरी होती, परीक्षा होती, आत जाण्याआधी ‘कच्चा’ असा शिक्का होता. लेखनकेंद्राला यांपैकी काहीच नसल्यामुळे तो ठराव त्याला लागू होण्याचा प्रश्न नव्हता. सिटी कॉलेजच्या त्याच टेकडीवर आज लेखनकेंद्र आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी यावे तसे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही यावे, अशीच अशा केंद्रांची रीत असते. चिठ्ठी लागत नाही. आत जाऊन बसले की शेजारच्या खुर्चीतला, बहुधा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा असलेला ट्यूटर पहिला प्रश्न विचारतो तो असा, की लिहायला काय सांगितलं आहे आणि द्यायचं कधी आहे.